पंखा ओरडतो आणि कन्सोल बंद पडतो: पेस्ट लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. प्लेस्टेशन ४, सुरुवातीचं जाड मॉडेल, ६ वर्षं वापरातलं. सुरू व्यवस्थित होतं, मेनूत काही त्रास नाही. मोठा गेम लावला की दहा-बारा मिनिटांत पंखा ओरडायला लागतो आणि वीसेक मिनिटांनी कन्सोल खटकन बंद पडतो. लगेच परत लावला तर पाचच मिनिटं टिकतो. व्हिडिओ बघून तुम्ही थर्मल पेस्ट (चिपची उष्णता तिच्यावरच्या थंड करणाऱ्या धातूपर्यंत नेणारं मलम) मागवली आहे, आणि आता विचारताय की ही पेस्ट चालेल का, किती लावायची आणि घरी उघडायला जमेल का.

उघडायला जमेल. पण पेस्टचा नंबर बराच नंतर लागतो. आधी ठरवायचं ते हे की कन्सोल तापून बंद पडतोय की लोड आल्यावर त्याला वीज पुरत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: खेळता खेळता अंधार. उपाय मात्र पूर्ण वेगळे. माझ्या टेबलावर येणाऱ्या कन्सोलांमध्ये ‘पेस्ट बदलली, तरी तसंच’ असं सांगून आणलेले बरेच असतात. त्यांतल्या काहींची पेस्ट मालकाने माझ्यापेक्षा नीट लावलेली असते. बिचाऱ्याने ज्याला औषध दिलं तो आजारी नव्हता, एवढंच.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे: बंद पडताना स्क्रीनवर काही सूचना येते का, आणि त्या वेळी समोरचा दिवा कसा असतो? मुख्य चिप मर्यादेपलीकडे तापली की हा कन्सोल सहसा तसं सांगतो. तापमान फार वाढलंय, बंद करून थंड होऊ द्या, असा निरोप पडद्यावर येतो आणि दिवा लाल होतो. निरोप नाही, लाल दिवा नाही, मधूनच मेन स्विच काढल्यासारखा बंद, असं असेल तर माझा संशय आधी वीजपुरवठ्यावर जातो. तरी याला अपवाद आहे, आणि तुमच्या बाबतीत तो महत्त्वाचा ठरू शकतो. आतला पॉवर सप्लायही (घरातली वीज कन्सोलला लागेल तशी करून देणारी पेटी) तापतो. तो स्वतःच्या संरक्षणासाठी बंद झाला तर कुणाला काही न सांगता बंद होतो. म्हणजे कारण उष्णताच, पण निरोप नाही.

‘लगेच लावला तर पाच मिनिटं’ यावरून एवढंच कळतं की उष्णतेचा हात आहे. चिप तापतेय की पॉवर सप्लाय, हे त्यातून कळत नाही. पंखा मात्र चुगली करतो. तो चिपच्या तापमानाप्रमाणे वेग वाढवतो, म्हणजे दहाव्या मिनिटाला ओरडायला लागला तर चिपची उष्णता बाहेर पडत नाहीये, हे नक्की. त्यामुळे तुमच्याकडे निदान धूळ तरी आहेच असं मी धरून चालतो. पण कन्सोल बंद पडण्याचं कारण तेवढंच आहे का, हे अजून ठरायचं आहे.

त्यासाठी अजून स्क्रू ड्रायव्हर नको. कागद-पेन आणि घड्याळ घ्या.

पहिलं काम, कन्सोलची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नको, यूपीएस नको, सर्ज प्रोटेक्टरही नको. यावर लोक हसतात. मीही पूर्वी हे शेवटी सांगायचो. मग एक कन्सोल माझ्याकडे तीनदा आला. घरी वीस-पंचवीस मिनिटांत बंद, माझ्याकडे पाच-पाच तास बिनतक्रार. दुसऱ्या खेपेला मी उगाच साफसफाईही करून दिली. तिसऱ्या खेपेला मालकाला म्हटलं, कन्सोल राहू द्या, घरची वायर आणि बोर्ड घेऊन या. वायरच्या प्लगची एक पिन बुडाशी तपकिरी झाली होती, आणि बोर्ड नाकाजवळ धरल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आतली पितळी पट्टी ढिली झाली होती. मेनूत असताना लोड कमी, तेवढा तो ढिला कॉन्टॅक्ट सहन करायचा. गेम सुरू झाला की पट्टी तापून अजून ढिली. कन्सोलला काहीच झालेलं नव्हतं.

दुसरं काम, कन्सोल कपाटातून किंवा टीव्हीखालच्या कप्प्यातून बाहेर काढून मोकळ्या टेबलावर ठेवा. हे मॉडेल बाजूच्या फटींतून हवा घेतं आणि मागून सोडतं, म्हणून मागे निदान वीतभर मोकळी जागा हवी. आता एक तास नुसता मेनूवर सोडून द्या. एक तास टिकला, तर पुढे जा. मेनूवरसुद्धा बंद पडला, तर लोडचा प्रश्न बाजूला पडतो. मग दोष पॉवर सप्लायचा किंवा कन्सोलच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचा समजायचा आणि पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

तिसरं काम खरं मोलाचं. कन्सोल रात्रभर बंद ठेवून पूर्ण थंड होऊ द्या. मग नेहमीचा तोच गेम, शक्यतो त्यातली तीच जागा, आणि किती मिनिटांनी बंद पडला ते लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड कन्सोल, तोच गेम, फक्त या वेळी बाजूने टेबल फॅन लावा, हवा कन्सोलच्या फटींवर लागेल असा. पुन्हा वेळ लिहा. वीस मिनिटांची पन्नास झाली किंवा बंद पडलाच नाही, तर उष्णता हे कारण पक्कं. वीसची वीसच राहिली, तर टेबल फॅनने ज्याला फरक पडत नाही असं काहीतरी आहे. मग मी पॉवर सप्लायकडे वळतो. मधलंच काहीतरी आलं, वीसची अठ्ठावीस वगैरे, तर बहुधा दोन्ही. ६ वर्षांच्या कन्सोलमध्ये हे मधलं उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळतं. त्याचं कारण सांगतो.

या मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय पेटीच्या आत आहे, आणि एकच पंखा मुख्य चिपच्या हीटसिंकला (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांना) आणि पॉवर सप्लायला, दोघांनाही हवा पुरवतो. हवेची वाट धुळीने अडली की दोघंही एकदम तापतात. चिपला स्वतःचा तापमापक आहे, पंखा तिच्यासाठी धावून येतो. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांची, अशी बडदास्त कुणी ठेवत नाही. ते वर्षानुवर्षं उष्णतेत राहून आतून वाळतात, त्यांची क्षमता घटते. मेनूत असताना या मॉडेलचा वापर ९० वॅटच्या आसपास असतो, मोठ्या गेममध्ये तो १४० वॅटच्या आसपास जातो. बोर्डाला हे सगळं १२ व्होल्टवर मिळतं, म्हणजे हिशोब करा, अकरा-बारा अँपिअर. थकलेला सप्लाय तेवढी मागणी आली की क्षणभर खाली बसतो, आणि त्या क्षणी कन्सोल बंद. धुळीने सुरू झालेलं दुखणं अशा वेळी विजेचं होऊन बसतं, आणि नुसती धूळ काढून ते पूर्ण जात नाही.

आता उघडण्याकडे येऊ. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. ६ वर्षांनी ती नसणारच, पण वाचणारे इतरही असतात. उघडण्याआधी सेव्ह केलेले गेम यूएसबी ड्राइव्हवर किंवा ऑनलाइन ठेवून घ्या. मी उघडून देतो तेव्हाही मालकाला हेच विचारतो, आणि दर वेळी उत्तर येतं ‘अरे हो, ते राहिलंच’.

बाहेरून फटीत हवा मारून भागेल का, असं तुम्ही पुढे विचाराल. वर्षभराच्या कन्सोलला भागतं. ६ वर्षांच्या नाही. पंख्याकडून येणारी धूळ हीटसिंकच्या पात्यांवर साचून तिचा नमद्यासारखा थर बनतो, राखाडी, बोटभर लांबीचा, चिमटीत धरून अख्खा उचलता येईल असा. बाहेरून फुंकलेली हवा त्याला आणखी आत दाबते. आणि तो थर दिसतच नाही, कारण या मॉडेलमध्ये हीटसिंकची पाती पॉवर सप्लायच्या खाली लपलेली आहेत.

मागच्या बाजूचे स्क्रू टॉर्क्सचे आहेत, चांदणीच्या आकाराचे आणि मध्ये खुंटी असलेले. त्यांना मध्ये भोक असलेलंच पान लागतं. साधं चांदणीचं पान बसत नाही, आणि चपटं पान घालून फिरवायचा मोह झाला तर स्क्रूचं डोकं जातं. काही स्क्रू स्टिकरखाली असतात. ते काढले की कव्हर हलक्या हाताने वर येतं. समोरची काळी चपटी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. तिच्या कडेला बोर्डाकडे जाणारी एक बारीक वायर आहे. तिचा प्लग नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा, वायरला धरून ओढू नका. मग पेटी सरळ वर उचला, वाकडी नको. बोर्डातून वर आलेल्या दोन धातूच्या जिभा तिच्यात बसलेल्या असतात आणि सगळा करंट त्यांच्यातूनच जातो.

ही पेटी उघडू नका. वायर काढलेली असली तरीही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठलेले असू शकतात आणि ते ओसरायला वेळ लागतो. मी उघडतो तेव्हा आधी मल्टिमीटरने मोजतो, आणि तेव्हासुद्धा एक हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली आहे. घरच्या दुरुस्तीत पेटी अखंड बदलायची, आत हात घालायचा नाही.

स्क्रूंबद्दल एक मनस्ताप सांगतो, माझाच. सुरुवातीच्या काळात मी सगळे स्क्रू एका वाटीत टाकायचो. एकदा जोडताना लांब स्क्रू आखूड भोकात गेला. शेवटचा अर्धा फेरा जड लागला, मी जोर दिला. स्क्रूच्या टोकाने बोर्डातली एक बारीक रेघ तुटली. नुसता आवाज करतो म्हणून आलेला कन्सोल माझ्या हातून पूर्ण बंद झाला, आणि ते मालकाला तोंडावर सांगावं लागलं. तेव्हापासून कागदावर कन्सोलचा ढोबळ आकार काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने लावतो. जुनी पद्धत आहे, पण त्यानंतर पुन्हा तसं झालं नाही.

पेटी उचलल्यावर आधी वास घ्या आणि मग नीट बघा. जळका, माशासारखा वास, तपकिरी डाग, एका कोपऱ्यात काळवंडलेलं प्लॅस्टिक, यांतलं काही दिसलं तर पेटी बदलायचीच. आणि झुरळं. ऊबदार, अंधारी, कुणी हात न लावणारी जागा. कन्सोलचा पॉवर सप्लाय म्हणजे त्यांच्यासाठी बांधून दिलेलं घर. एकदा एका पेटीच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत मिरीसारखे काळे ठिपके, आणि एक झुरळ दोन धातूच्या पिनांच्या मध्ये भाजून कडक झालेलं. त्याच्यातूनच करंट जायचा, मग सप्लाय स्वतःला बंद करून घ्यायचा. मालकाचं म्हणणं होतं की घरात एकही झुरळ नाही. असेलही. सगळी इथे राहायला आली होती.

आता धूळ. मोठा थर चिमट्याने उचला, उरलेली मऊ ब्रशने सोडवा, मग हवेच्या कॅनने थोडी थोडी फुंकर. कॅन उभाच धरा. आडवा धरला तर आतला द्रव पदार्थ बर्फासारखा बाहेर येतो. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो हवेने गरगर फिरतो, मोटारीचं जनित्र होतं, आणि ती वीज उलटी बोर्डाकडे जाते. शिवाय बेअरिंगही खराब होतात. घरातला व्हॅक्युम क्लीनर थेट बोर्डावर लावू नका. त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते आणि ती एखाद्या चिपमध्ये उतरली तर आवाजसुद्धा येत नाही.

इथे थांबा. पेस्टला अजून हात नको. पेटी परत बसवा, कव्हर लावा आणि तीच वीस मिनिटांची चाचणी पुन्हा करा, टेबल फॅनशिवाय. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. धूळ, पेस्ट आणि पॉवर सप्लाय तिन्ही एकदम बदलले आणि कन्सोल बरा झाला तर आनंदच, पण नाही झाला, किंवा आठ दिवसांनी पुन्हा बिघडला, तर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

हे मला जुन्या कार्ट्रिजवाल्या कन्सोलांमुळे पटलं. गेम लागला नाही की सगळे कार्ट्रिज काढून तिच्या तोंडात फुंकायचे आणि परत घालायचे. गेम लागायचा, म्हणून फुंकर बरी. खरं काम करत होतं ते काढून परत घालणं. त्याने कॉन्टॅक्ट पुन्हा घासून बसायचे. फुंकरीने फक्त तोंडातली ओल कॉन्टॅक्टवर जायची आणि ते काळे पडायचे. निन्टेन्डोने स्वतः सांगितलं होतं, फुंकू नका. दोन गोष्टी एकदम करत होतो, म्हणून चुकीचीला श्रेय गेलं.

धूळ काढल्यावर पंखा शांत झाला आणि कन्सोल चालू राहिला, तर पेस्टची ट्यूब जपून ठेवा. धूळ गेली, हवा मोकळी झाली, तरी पंखा दहाव्या मिनिटाला ओरडतोच, तेव्हा पेस्ट वाळली असं म्हणता येतं. ६ वर्षांनी ती वाळून खडूसारखी झालेली असणं अगदी शक्य आहे. मग सगळा बोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि हे काम मघाच्या तुलनेत दुप्पट नाजूक आहे. चपट्या फीत-केबलींची कुलपं नखाएवढी असतात. आधी कुलूप उघडायचं, मग केबल.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्क्यांचं असेल तर उत्तम. नवी पेस्ट चिपच्या मध्यावर मटारच्या लहान दाण्याएवढी. जास्त लावली तर थंडावा वाढत नाही. पेस्टचं काम दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खाचा भरणं एवढंच; जाड थर उलट आड येतो. हीटसिंक आवळून धरणाऱ्या मागच्या पट्टीचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं तर हीटसिंक एका बाजूला कलतो आणि अर्धी चिप पेस्टशिवाय राहते. मेमरी चिपांवर जे मऊ रबरासारखे पॅड आहेत त्यांच्या जागी पेस्ट लावू नका. तिथे मुद्दाम जास्त अंतर ठेवलेलं आहे, पेस्ट ते भरून काढू शकत नाही. पॅड फाटले तर त्याच जाडीचे नवे. कोणत्या कंपनीची पेस्ट, याने पडणारा फरक ती कशी लावली याच्या मानाने किरकोळ आहे, म्हणून तुमच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: मागवलेली आहे ती चालेल.

हे सगळं प्लेस्टेशन ४ पुरतं. प्लेस्टेशन ५ असेल त्यांनी यातलं पेस्टचं काही करू नये. त्यात पेस्टच्या जागी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहून नेतो, एक थेंब बाजूला ओघळला की शॉर्ट. त्याची बाजूची पांढरी पट्टी सरकवून काढली की धूळ ओढायला दोन भोकं दिलेली आहेत, घरच्या घरी तेवढंच करा.

टेबल फॅननेही फरक पडला नाही, किंवा पेटीत डाग दिसले, तर पॉवर सप्लाय बदलायचा. इथे चुका होतात त्या नावावरून घेण्याच्या. एकाच जाड मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सप्लाय आले. त्यांच्या पेट्या दिसायला भावंडं, पण कुणाची बारीक वायर चार पिनांची, कुणाची पाच. जुन्या पेटीवरच्या लेबलचा मॉडेल क्रमांक अक्षर न अक्षर जुळवा. कन्सोलखालचा क्रमांक सांगून मागवलात तर अर्धं काम होतं. जुन्या पेटीचा आणि वायरच्या टोकाचा फोटो काढून ठेवा.

कुणीतरी तुम्हाला हीट गन, हेअर ड्रायर किंवा चक्क ओव्हन सुचवेल. एक्सबॉक्स ३६० च्या काळापासूनची ही परंपरा आहे. तो नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि पॉवर बटणाभोवती तीन लाल दिवे लागून बंद पडायला लागला, इतक्या संख्येने की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम बाजूला काढली. पुन्हा पुन्हा तापून-निवून चिपमधले डाख चिरत होते. लोक कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे आणि तो खरोखर सुरू व्हायचा. काही तास, कधी काही दिवस. चिरलेला डाख गरम होऊन फुगला की टेकतो, गार झाला की पुन्हा सुटतो. मी स्वतः हीट गनने असे कन्सोल सुरू करून दिले आहेत, आणि ते सगळे परत आले आहेत. तुमच्या कन्सोलमध्ये तर तसं लक्षणच नाही, कारण थंड असताना तो व्यवस्थित सुरू होतो.

तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी ‘माझंही बिघडलंय’ म्हणून वेगळीच लक्षणं लिहिली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. दिवा पांढरा लागतो, पंखा फिरतो, टीव्हीवर चित्र नाही: आधी दुसरी एचडीएमआय केबल, मग टीव्हीचा दुसरा पोर्ट, मग दुसरा टीव्ही, याच क्रमाने. नंतर कन्सोल बंद करून पॉवर बटण सुमारे ७ सेकंद दाबून ठेवा. एक बीप लगेच, दुसरी सात सेकंदांनी; दुसऱ्या बीपला सोडा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीसाठीचा साधा मेनू, उघडेल, कंट्रोलर केबलने जोडावा लागेल, आणि तिथे चित्राचं रिझोल्यूशन बदलता येतं. तिथेही चित्र नसेल तर टॉर्चने कन्सोलच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बघा. १९ बारीक पिना ओळीने असायला हव्यात. एखादी वाकलेली, दबलेली किंवा शेजारणीला चिकटलेली दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका, पोर्ट बदलणाऱ्याकडे द्या. अंधारात केबल चाचपडत खुपसली की हे होतं.

दुसऱ्याचा गेम अडखळतो, मेनू उघडायला वेळ लागतो, पण कन्सोल बंद पडत नाही. ते बहुधा आतल्या हार्ड डिस्कचं दुखणं. त्याच सेफ मोडमध्ये डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय आहे, पाचव्या क्रमांकाचा. त्याने गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत. तरी अडखळलाच, किंवा सीई-३४३३५-८ असा कोड आला, तर डिस्क बदला. लॅपटॉपमधली अडीच इंची साटा डिस्क चालते आणि ती मालकाने बदलावी अशाच बेताने कंपनीने ठेवली आहे.

तुमच्याकडे परत येतो. थेट भिंतीतून वायर, मोकळं टेबल, एक तास मेनू, मग थंड कन्सोलवर दोन वेळा तोच गेम, एकदा फॅनशिवाय आणि एकदा फॅनसह. त्यानंतर धूळ, आणि पुन्हा तीच चाचणी. पेस्ट किंवा पॉवर सप्लाय, जे काही लागेल ते त्यानंतर.

मधल्या काळात वायर किंवा प्लग हाताला गरम लागला, जळका वास आला, किंवा कन्सोल लावल्यावर घरातला ब्रेकर पडला, तर चाचण्या तिथेच सोडा आणि वायर काढून ठेवा. नाहीतर मला तीन गोष्टी लिहून कळवा: फॅनशिवाय किती मिनिटं, फॅनसह किती मिनिटं, आणि बंद पडताना दिवा लाल होता का. कन्सोलच्या पेटीवरचा नाही, आतल्या पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटोही काढून ठेवलात तर पेटी बदलायची वेळ आल्यास पुन्हा उघडावं लागणार नाही.